शालनने शिकवलेली बोली

परवा दुकानात कॉलेजची एक पोरगी आली. गॅदरिंगमध्ये एकपात्री करायचं होतं, त्यासाठी जुनेर पाहिजे होतं. कसलं पाहिजे म्हणून विचारलं, तर तिने ओठ डावीकडे ओढला, उजवा हात खांद्यावरून शाल टाकल्यासारखा मागे फेकला आणि म्हणाली, "असं बघ बाळ... झाडणाऱ्या बाईचं. काय म्हणते मी?" बरोबरच्या पोरी खिदळल्या. मला असा संताप आला की हातातलं लुगडं तिच्या तोंडावर फेकावं. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. साडी घडी करून दिली, पोरगी गेली आणि मी मनातल्या मनात शालन बनसोडेच्या नावाने बोटं मोडली. त्या पोरीला काय ठाऊक, ती कुणाच्या तोंडाने बोलत होती ते.

सोलापुरात शुक्रवार पेठेत आमचं ड्रेपरीचं दुकान आहे. नाटकांना, शाळांना, कधी शूटिंगला कपडे भाड्याने द्यायचे हा धंदा. सासऱ्यांनी काढला, नवऱ्याने बुडवत आणला, मी वर काढला. आम्ही तेलुगू. घरात मागच्या पिढीपर्यंत माग होते, आता राजाचे अंगरखे आणि हवालदाराच्या टोप्या आहेत. शालन एका सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसायची आणि सुटली की माझ्या दुकानात येऊन टेकायची. बुटकी, सावळ्याच्याही पुढची, कपाळ रुंद, डोळे बारीक. पर्समध्ये कायम खडीसाखर. मला अक्का म्हणायची. बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे ती कधी बघायची नाही, तोंडाकडे बघायची. नवीन माणसाला वाटायचं, आपल्या दातात काही अडकलंय की काय.

तिच्या खिडकीपुढे सगळं सोलापूर येऊन बोलायचं. नाव सांगायचं, वय सांगायचं, कुठं दुखतंय ते सांगायचं. मैंदर्गीकडचा कानडी शेतकरी, आमच्यातल्या विडीवाल्या बायका, दखनी उर्दू बोलणारे चाचा, पुण्याहून बदलून आलेले साहेब. शालन कागद भरायची आणि माणूस तोंडाने उचलून ठेवायची. संध्याकाळी दुकानात तीच माणसं तिच्या तोंडून उतरायची. हसून हसून आमच्या पोटात गोळे यायचे. "कपडे तू दे अक्का, तोंड माज्याकडं हाय," म्हणायची.

पण तिची नक्कल म्हणजे नुसती गंमत नव्हती. ती चावायची. माझी सासू गेली तेव्हा दिवसांना बायका जमल्या होत्या. मी सासूच्या शेवटच्या आठवड्याचं सांगत होते, रडत होते. माझं झालं तसं शालनने तेच पुन्हा सांगितलं, माझ्यासारखं. प्रत्येक वाक्य संपलं की मी श्वास आत ओढते आणि पुढचं बोलायच्या आधी कुणी बघतंय का ते बघते, हे मला तोवर माहीत नव्हतं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या, मयताच्या घरात. त्यानंतर कितीतरी दिवस मला कुणाशी मोकळं बोलवेना. प्रत्येक वाक्याला वाटायचं, घेतला का मी श्वास?

आम्ही दोघी एका हौशी नाटकाच्या ग्रुपमध्ये होतो, तिथे एक वकील होता. नट चांगला, चालणं जरा नाजूक. एकदा प्रयोग संपल्यावर सगळे वाकायला स्टेजवर आले आणि शालन त्याच्या मागोमाग, अगदी त्याच्यासारखी चालत आली. तोंडातून अक्षर काढलं नाही. थिएटर दणाणलं. बिचाऱ्याला वाटलं टाळ्या त्याला आहेत, म्हणून तो पुन्हा वाकला. कळलं तेव्हा विंगेत जाऊन तोंड धुतलं आणि परत कधी तालमीला आला नाही. मी शालनला झापलं. म्हणाली, "मी तेला काय बोलले का? नुसती चालले की."

दवाखान्यातला एक शिपाई वारला. त्याची बायको कागदपत्रांसाठी खिडकीवर आली आणि हिला म्हणाली, तुम्ही ह्यांचा आवाज काढायचात म्हणे, एकदा काढा की. दुसरी कुणी असती तर हात जोडले असते. शालनने काढला. चहात साखर न्हाय म्हणून नवरा जसा खेकसायचा तसा खेकसून दाखवला. बाई हसली, मग तिथेच खाली बसली. पण पुढच्या आठवड्यात परत आली आणि मग येतच राहिली. कधी डबा घेऊन यायची. एका दुपारी शालनने त्याच आवाजात तिला सांगितलं, "आता येत जाऊ नको. मला कंटाळा आलाय तुझा." बाई उठली आणि गेली. शालन मला हे सांगत होती तेव्हा खडीसाखर चघळत होती. मी म्हटलं, माणूस आहेस का कोण आहेस? ती म्हणाली, तिला तेच ऐकायचं हुतं, तो जित्ता असताना तेच बोलायचा. ह्यात दया होती का दुष्टपणा, मी अजून ठरवू शकले नाही.

एक गोष्ट मात्र मी तिला आल्या दिवसापासून विचारत होते, तुझा स्वतःचा आवाज कुठला गं? माझ्याशी बोलताना ती थोडी माझ्यासारखी बोलायची, चहावाल्याशी त्याच्यासारखी. घरी म्हातारी आई होती, तिच्याशी काय ती नीट बोलत असेल. एकदा दुकानात भजी खाता खाता तिने स्वतःहूनच सांगितलं. "अक्का, समद्यांचे आवाज काडून झाले. एकदा माज्या तोंडानं बोलायचंय. म्होरं लोक बसलेले पायजेत, मोटं काम पायजे, आन मी कुनाची बी नक्कल करत नसले पायजे." मग भज्याचा कागद चुरगळून टाकला आणि विषय बदलला. आयुष्यात तिने दुसरं काही मागितलेलं मी ऐकलं नाही.

आता नाना. आमचा नाटकाचा ग्रुप नानांचा. पेन्शनर प्राध्यापक, अंगावर कायम शाल, ती बोलता बोलता उजव्या हाताने खांद्यावरून मागे टाकायची सवय, विचाराने फार सुधारलेले. शालनच्या हातचं पाणी प्यायचे, आणि पितोय हे सगळ्यांना दिसेल असं प्यायचे. बोलणं म्हणजे त्यांचा प्राण होता. "असं बघ बाळ" म्हणून सुरुवात करायची, वाक्य मध्येच सोडून द्यायचं, समोरचा ताटकळला की उरलेलं वाक्य पूर्ण करायचं आणि शेवटी, "काय म्हणतो मी?" मधे त्यांना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला. माणूस वाचला, पण ओठ डाव्या बाजूला ओढला गेला तो गेलाच. तरी बोलणं थांबलं नाही. उलट आता लोकांना ते आणखी लक्ष देऊन ऐकावं लागायचं.

नवीन नाटकाचं वाचन झालं की नाना कामं वाटायचे. हिला हे, त्याला ते. शालनजवळ आले की म्हणायचे, "तू नेहमीचं." नेहमीचं म्हणजे मोलकरीण. ट्रे घेऊन यायचं, "बाईसाहेब, चहा" म्हणायचं, जायचं. ग्रुपमधली सगळ्यात मोठी नटी ही, हे नानांना कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. मी एकदा तोंडावर विचारलं, तर म्हणाले, प्रेक्षकांना पटलं पाहिजे ना.

एका वर्षी स्पर्धेच्या नाटकात कलेक्टरीण बाईंचं काम होतं. प्रयोगाच्या दिवशी सकाळी ते काम करणाऱ्या मुलीला ताप चढला, उभंसुद्धा राहवेना. शालनला सगळं नाटक पाठ होतं, तिचंच काय, सगळ्यांचं. मी तर कलेक्टरणीची साडी तिच्या मापाने टाचायला पण घेतली. नाना आले, बघितलं, आणि म्हणाले साडी काढ. त्या प्रयोगाला नाना स्वतः विंगेत पुस्तक घेऊन बसले आणि बाईचे संवाद त्यांनी वाचले, वाकड्या ओठाने. स्टेजवर कलेक्टरणीची खुर्ची रिकामी. शालन चहाचा ट्रे घेऊन त्या रिकाम्या खुर्चीसमोर आली, "बाईसाहेब, चहा" म्हणाली, आणि विंगेतून नाना म्हणाले, "ठेव तिथे." परीक्षकांना तो काहीतरी नवा प्रयोग वाटला, त्यांनी कौतुक केलं. शालन घरी गेली नाही, दुकानात आली. मला वाटलं रडेल. तिने नानांचा आवाज काढला, पहिल्यांदाच. पहिल्या अंकापासून शेवटपर्यंत सगळे संवाद, ओठाच्या ओढीसकट. मला हसू आलं नाही, अंगावर काटा आला.

त्यानंतर काही वर्षांनी तो सिनेमा सोलापुरात आला. चोरीचा सिनेमा, विनोदी. साखरसम्राटाच्या पतसंस्थेची तिजोरी गरीब लोकांची टोळी फोडते, अशी गोष्ट. डायरेक्टर मॅडम मुंबईच्या, तरुण, बारीक कापलेले केस, कानात ही मोठी चांदीची कानातली. प्रत्येक वाक्यात रिप्रेझेंटेशन. म्हणायच्या, आजवर सिनेमात चोरसुद्धा आपल्यातले नसतात, टोळीत सगळा समाज दिसला पाहिजे. म्हणून टोळीत एक तेलुगू मागवाला, एक दखनी बोलणारा कुलूपवाला, एक सीमेवरचा कानडी ड्रायव्हर, एक बहिरी मुलगी, आणि सगळ्यांची म्होरकी, डोकं चालवणारी, पतसंस्थेत झाडलोट करणारी दलित बाई. ताटात चटणी, कोशिंबीर, लोणचं एकेक वाढतात ना डाव्या बाजूला, तसं. मी चेष्टा करते, पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हे आधीच सांगते. बाई मनाने वाईट नव्हती. वाईट असती तर पुढचं सोसायला सोपं गेलं असतं.

एका मंगल कार्यालयात निवड चालली होती. कपडे माझे, म्हणून मी तिथे होते. म्होरकी टोळीला बेत समजावून सांगते, तो प्रवेश सगळ्याजणींना करायला देत होते. शालनचं नाव पुकारलं. ती जाऊन उभी राहिली, आणि पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं की ती कुणाच्याच तोंडाकडे बघत नाहीये.

"ह्ये बगा," ती म्हणाली, "रातच्याला जायचं न्हाय. दुपारी जायचं, साहेब लोक जेवतात तवा. मी फरशी पुसत असते. वल्या फरशीवर कुनी पाय देत न्हाय, लांबनंच थांबतंय. म्हंतंय, वाळू दे. तेवड्यात तुमी आत."

हलका, भरभर, थोडा कोरडा आवाज. विनोद करतेय हे तिलाच माहीत नसल्यासारखी. लोक हसले, आणि हसता हसता गप्प झाले. मी इतक्या वर्षांत तो आवाज ऐकला नव्हता. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी उठून शालनला मिठी मारली. आठवड्याने परत बोलावलं, पुन्हा तेच. मधल्या दिवसांत शालन दुकानात यायची, चहा प्यायची आणि कुणाचीही नक्कल करायची नाही. साधी, नीट बोलायची. मला ती एकदम लहान वाटायला लागली. तिला त्या दिवसांत नुसतं बघत बसावंसं वाटायचं.

मग मॅडम पेढे घेऊन दुकानातच आल्या. निर्मात्यांना नावाजलेला चेहरा पाहिजे, आपल्या हातात काही नाही, असं सगळं सांगितलं. मुंबईची हिरॉईन ठरली होती. "पण ताई, तुम्ही या सिनेमाचा आत्मा आहात," म्हणाल्या. तुमची बोली तुम्ही तिला द्या, तिला तुमच्यासारखं बोलायला शिकवा. शिवाय एक कामही होतं, म्होरकीच्या मागे बादली घेऊन फिरणारी दुसरी झाडूवाली. प्रत्येक फ्रेममध्ये तुम्ही दिसाल, असं वचन दिलं. शालनने पेढा खाल्ला. मग विचारलं, "बोलती का ती?"

"कोण?"

"बादलीवाली."

"नाही," मॅडम म्हणाल्या, "पण तिचं मौन फार बोलकं आहे."

शालन म्हणाली, व्हय, करते. मला वाटलं ही गेली कामातून. वाईट वाटलं.

हिरॉईन आली. गोरीपान, नम्र, शालनच्या पायाच पडली. कातडीला रंग लावायचे कोपरापर्यंत, तो माझ्या साड्यांच्या काठांना लागायचा आणि धुतला तरी जायचा नाही. रोज शालनच्या घरी जाऊन बसायची शिकायला. थोड्या दिवसांनी ब्लाउजच्या मापाला माझ्याकडे आली. मी तोंडात टाचण्या धरून काम करत होते. ती आरशात बघून संवाद घोकत होती. ओठ डावीकडे गेला, उजवा हात खांद्यावरून मागे गेला. "असं बघ बाळ... फरशी ओली हाय तोवर... आत जायचं. काय म्हणते मी?"

टाचणी माझ्या बोटात गेली. संवाद झाडणाऱ्या बाईचे होते, बोलत होते नाना. ते मधेच वाक्य सोडून देणं, ती ओढ, तो वाकड्या ओठातून निसटणारा स. मी आरशातून मागे बघितलं. शालन कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसली होती आणि शांतपणे हिरॉईनच्या तोंडाकडे बघत होती. "ओठ आजून वाईच," एवढंच म्हणाली.

हिरॉईन गेल्यावर मी तिला धरलं. आजारी माणूस आहे गं, म्हटलं, आजाराची कुणी टवाळी करतं का? तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "इतकी वर्सं मी तेंच्या नाटकात मुकी हुती. आता माज्या जागी तेनी बोलू देत की." ओठाचं काय सांगितलंस त्यांना, विचारलं. तर म्हणाली, आमच्या बायका मिश्री लावत्यात, तेनं ओठ वडला जातो म्हनून सांगितलं. मॅडमनी लिहून घेतलं.

मुंबईच्या लोकांना कळायचं कारणच नव्हतं. टोळीतले सोलापूरचे नट पहिल्या दिवशीच ओळखून चुकले. एकानेही तोंड उघडलं नाही. नानांनी त्यांनाही वर्षानुवर्षं कानडी हेल काढ, तेलुगू हेल काढ म्हणून हसवायला उभं केलं होतं. मी पण गप्प बसले, धंदा होता. आणि मजा येत नव्हती असं म्हणणार नाही.

सिनेमा लागायच्या आधी सोलापुरात खास खेळ ठेवला. इथल्या रंगभूमीचे ज्येष्ठ म्हणून नानांना पहिल्या रांगेत बसवलं, शेजारी त्यांची बायको, आमच्या काकू. थिएटरात सगळी नाटकवाली मंडळी. हिरॉईन पडद्यावर आली, झाडू टेकवला आणि म्हणाली, "असं बघ बाळ..." मागून कुणीतरी फिस्स केलं. पुढच्या वाक्याला चार-पाच जण हसले. "काय म्हणते मी?" आलं आणि थिएटर फुटलं. आणि सगळ्यांत मोठ्याने कोण हसत होतं, नाना. माणसाला स्वतःचा आवाज ओळखू येत नाही. ते मागे वळून लोकांना दाद देत होते, मांडीवर थाप मारत होते. लोक त्यांच्याकडे बघून आणखी हसत होते. नानांना वाटलं असेल, काय रंगलाय खेळ. बराच वेळ हे चाललं. मग काकूंनी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि कानात काहीतरी सांगितलं. नानांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, उतरायला त्याला वेळ लागला.

खेळ संपल्यावर आयोजकांनी त्यांना वर बोलावलं. टाळता आलं असतं, पण सवय. शाल-श्रीफळ झालं, माईक हातात दिला. नानांनी लोकांकडे बघितलं. "असं बघा..." म्हणाले, आणि मधे थांबले, जसे नेहमी थांबायचे. थिएटर असं हसलं की मला कानांवर हात ठेवावेसे वाटले. पोरं शिट्ट्या मारत होती. नानांचा ओठ हलत होता. त्यांनी माईक नारळाशेजारी टेबलावर ठेवला आणि पायऱ्या उतरले, एका हाताने भिंत धरून. मी शालनकडे बघितलं. ती हसत नव्हती. पुढे वाकून नानांच्या पायांकडे बघत होती, ते कसे उतरतात ते. तेही उचललं असणार तिने.

नाना त्यानंतर बाहेर बोलले नाहीत. ग्रुप मोडला. काकू सांगायच्या, घरातसुद्धा खुणेने चहा मागतात. एका थंडीत गेले. शालन मयतीला आली होती, लांब उभी राहिली. मी विचारलं, झालं समाधान? ती म्हणाली, "न्हाय. मला वाटलं हुतं व्हईल."

तिकडे सिनेमा धो धो चालला. हिरॉईनला बक्षिसं मिळाली. पेपरात छापून आलं, इतकं अस्सल दर्शन आजवर घडलं नव्हतं, पिढ्यान्‌पिढ्यांच्या अन्यायाने त्या स्त्रीचा ओठसुद्धा वाकडा झालाय. शालनने ते मला वाचून दाखवलं आणि आम्ही दोघी हसलो, तेवढं खरं. मग मोबाईलवर रील आले. मग शालनच्या वस्तीतल्या पोरी तसं बोलायला लागल्या. शाळेत शिक्षक त्यांना उभं करून म्हणायचे, बोल गं तुमच्या भाषेत, आणि त्या लेकरांच्या तोंडून नाना बोलायचे. तेव्हा मात्र शालनने मॅडमना फोन लावला आणि सगळं खरं सांगून टाकलं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि फार प्रेमाने म्हणाल्या, ताई, काम न मिळाल्याचं दुःख मी समजू शकते, पण त्यासाठी आपल्याच समाजाच्या भाषेला असं नाकारू नका.

अलीकडे एक मालिका आली, मोबाईलवर बघायची असते तसली. सोलापूरच्या एका वस्तीतली पुढारी बाई, मुख्य काम तिचंच. यावेळी नाव नको होतं त्यांना, खरी बाई पाहिजे होती. शालन निवृत्त झालेली, केस पांढरे, कामाला अगदी जुळणारी. माझ्याकडून साधी सुती साडी नेसून गेली. मी बरोबर गेले. तिने तोच आवाज लावला, मंगल कार्यालयातला, हलका, कोरडा. निवड करणारा पोरगा तिशीचा असेल. त्याने मधेच हात वर केला.

"मावशी, अभिनय चांगला आहे. पण भाषा अस्सल वाटत नाही हो. तुम्ही त्यांच्यातल्या वाटत नाही." मग त्या सिनेमाचं नाव घेतलं. "तो बघितलाय का? तसं पाहिजे."

मी उठलेच होते दोन शब्द सुनावायला. शालनने मला हाताने खाली बसवलं. पाणी मागितलं, प्यायली. थोडा वेळ त्या पोराच्या तोंडाकडे बघत राहिली. मग ओठ डावीकडे गेला. "असं बघ बाळ..." पोरगा खुर्चीतून उठला. हातावरचे उभे राहिलेले केस त्याने शेजारच्याला दाखवले. काम तिला मिळालं.

शूटिंग मंगळवेढ्याच्या अलीकडे, ज्वारीच्या रानात होतं. साड्या घेऊन मी गेले होते. कॅमेरा नसतानाही त्याच बोलीत बोलायचं, सुटता कामा नये, असं तिला बजावलेलं होतं, आणि ती तशीच बोलत होती, माझ्याशीसुद्धा. मी एकदा म्हटलं, अगं मी आहे, माझ्यापुढे कशाला? तर, "असं बघ अक्का... सवय झाली." तिच्या चेहऱ्यावर गंमत नव्हती. पूर्वी नक्कल करताना बारीक डोळे कसे चमकायचे, ते नव्हतं.

दुपारी जेवणाची सुट्टी झाली, सगळे मांडवाखाली गेले. झाडाखाली आम्ही दोघीच. फोन वाजला, तिच्या आईचा. म्हातारीला आता अजिबात दिसत नाही, शेजारची मुलगी फोन लावून देते. शालन म्हणाली, "असं बघ आई... उद्या येते मी." पलीकडून म्हातारीचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला.

"कोन बोलतंय?"

"मी. शालन."

"शालन न्हाय ही. शालनचा फोन तुमच्याकडं कसा आला? तिला द्या की."

मी म्हटलं, बोल की गं नीट, आई आहे, इथे कोण ऐकतंय? शालनने तोंड उघडलं. बराच वेळ ते तसंच उघडं होतं. पलीकडून म्हातारी हाका मारत होती, शालू, ए शालू. मग शालन नानांच्या आवाजात, सावकाश, ओठ ओढून म्हणाली, "ती कामात आहे. सांगतो तिला," आणि फोन बंद केला.

शॉटसाठी बोलावलं. मी तिचा पदर नीट केला, ती गेली. त्यानंतर तिची माझी भेट नाही. मुंबईत असते म्हणतात, तसल्या कामांसाठी फार मागणी आहे तिला.